कंपवात : मेंदूची शस्त्रक्रिया करावी की नाही?

आमच्या गावातील एका शिंपीमास्तरांना कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार होऊन नऊ वर्षे झाली. गेली पंचवीस वर्षे माझे सदरे तेच शिवत आले आहेत. त्यामुळे त्यांचा उजवा हात पहिल्यांदा थरथरू लागला, तो मी मापे देताना पाहिला होता. दिवाळीनंतर त्यांचा मुलगा एका मोठ्या शहरातील रुग्णालयाचा कागद घेऊन माझ्याकडे आला. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा सल्ला होता आणि खर्चाचा अंदाज दहा लाखांच्या पुढे. "डॉक्टर, विहिरीकडचा एक एकर विकतो. बाबा बरे होतील ना, तेवढे सांगा," तो म्हणाला. मास्तर शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत.

'बरे होतील का' या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : नाही. हा आजार शस्त्रक्रियेने बरा होत नाही आणि त्याची वाढही थांबत नाही. मग शस्त्रक्रियेने मिळते काय, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मेंदूच्या तळाशी काळसर रंगाच्या पेशींचा एक लहान पट्टा असतो. या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात व त्याच्या जोरावर आपल्या हालचाली सुरळीत चालतात. कंपवातात या पेशी हळूहळू मरत जातात. हात कापणे, अंग ताठरणे, चाल मंदावणे ही त्याचीच लक्षणे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगाचे वर्णन केले, पण खरे परिणामकारक औषध मिळायला १९६० चे दशक संपत आले. ते औषध म्हणजे लेव्होडोपा. (आपल्याकडील खाजकुइलीच्या बियांतही हेच द्रव्य निसर्गतः असते. म्हणूनच त्याचे चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. नकळत दुहेरी मात्रा पोटात जाते.)

पहिली काही वर्षे ही गोळी जादूसारखी चालते. पुढे तिचा अंमल तोकडा पडू लागतो. घेतल्यावर माणूस तास-दोन तास चालता-फिरता असतो, मग दिव्यातले तेल संपावे तसा मंदावतो. कधी उलट होते आणि अंग आपोआप वळवळू लागते. शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो तो या टप्प्यावर. त्याआधी घाई नको, कारण कंपवातासारखे दिसणारे दुसरेही आजार आहेत, त्यांत या शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, आणि निदान पक्के व्हायला काही वर्षे जावी लागतात.

पूर्वी मेंदूतील ठराविक जागा जाळून नष्ट करीत. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे डॉ. बेनाबिद यांनी १९८७ मध्ये न जाळता, तेथे बारीक तार ठेवून सतत सौम्य विद्युत्प्रवाह देण्याची पद्धत रूढ केली. कवटीला छोटी छिद्रे पाडून तारा आत नेतात. त्या ज्या पेशीसमूहात ठेवतात, तो मटाराच्या दाण्याहूनही लहान असतो. तारा कातडीखालून छातीवर आणून पेसमेकरसारख्या यंत्राला जोडतात. अनेक ठिकाणी तारा ठेवताना रुग्णाला जागे ठेवतात, बोट हलवायला सांगतात, बोलायला लावतात. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, त्यामुळे ऐकताना वाटते तेवढे ते भयंकर नसते. तरी तासन्‌तास डोके चौकटीत अडकवून पडून राहावे लागते, हे आधीच माहीत असावे.

आता मुख्य मुद्दा. गोळीचा अंमल उत्तम असताना रुग्ण जे करू शकतो, साधारण तेवढेच शस्त्रक्रिया त्याला देते; फक्त ते दिवसातील अधिक तास टिकते आणि अनावर वळवळ कमी होते. गोळीने जे सुधारत नाही, ते तारेनेही सुधारत नाही. याला अपवाद एकच, हाताचा कंप. तो गोळीला दाद देत नसला तरी शस्त्रक्रियेने पुष्कळदा थांबतो. म्हणूनच चांगल्या रुग्णालयात आधी रात्रभर गोळी बंद ठेवून सकाळी तपासतात, मग गोळी देऊन पुन्हा तपासतात. निदान तीस टक्के तरी फरक दिसावा अशी अपेक्षा असते. ही चाचणी न करता कोणी तारीख देत असेल तर जरा थांबावे.

मास्तरांच्या पत्नीला मी एक शंभर पानी वही आणायला सांगितली. दर तासाला खूण करायची : चालू, बंद, की वळवळ. पंधरा दिवसांनी वही पाहिली तेव्हा दिवसाचे पाच तास 'बंद' निघाले. पण आणखी एक गोष्ट कळली. काकू सकाळची गोळी पेलाभर दुधाबरोबर देत होत्या. दूध, डाळी, अंडी यांतील प्रथिने या गोळीच्या आड येतात. जेवणखाण्याआधी अर्धा-पाऊण तास पाण्याबरोबर गोळी, एवढ्या बदलाने दीड तास वाचला. तरी साडेतीन तास उरलेच.

हाच हिशेब मी पूर्वी एका निवृत्त मुख्याध्यापकांसाठी मांडला होता. वय चौऱ्याहत्तर. गोळीचा अंमल चांगला असतानाही ते पडत, आणि नातवंडांची नावे विसरू लागले होते. परगावची मुले पैसे घेऊन तयार होती. मला नाही म्हणावे लागले. तोल आणि स्मरण शस्त्रक्रियेने परत येत नाहीत. विसराळूपण असलेल्यांची स्थिती तर त्यानंतर बिघडू शकते. मुलांना ते रुचले नाही. एक जण अजून माझ्याशी तुटकच बोलतो.

धोक्याचेही बोलले पाहिजे. शंभरात एक-दोघांना मेंदूत त्रासदायक रक्तस्राव होतो. जंतुसंसर्ग त्याहून अधिक जणांना होतो, प्रसंगी यंत्र काढावे लागते. बोलणे आणखी पुसट होऊ शकते. मन उदास किंवा उतावीळ होते, ते घरच्यांच्या आधी लक्षात येते. शस्त्रक्रियेनंतर गोळ्या बऱ्याच कमी होतात, पण पूर्ण क्वचितच सुटतात.

आपल्यासारख्या गावाकडच्यांनी एका गोष्टीचा विशेष विचार करावा. यंत्र बसवले की काम संपत नाही. प्रवाह किती ठेवायचा, हे जुळवायला पुढचे काही महिने वारंवार जावे लागते. बरोबर कोण जाणार, कोणाची मजुरी बुडणार, हे आधी ठरवा. साध्या यंत्राची बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. घरी चार्ज होणारे यंत्र अधिक टिकते, पण महाग असते. आणि पाठ-गुडघेदुखीवर विजेच्या यंत्राने जो खोल शेक देतात, ज्याला डायथर्मी म्हणतात, तो अशा रुग्णाने अंगावर कोठेही घेऊ नये. त्याची उष्णता तारेतून मेंदूत पोचून मृत्यू ओढवल्याची नोंद आहे.

वही पाहून झाल्यावर मी तिघांना वेगवेगळे विचारले, नेमके काय हवे आहे? मुलगा म्हणाला, बाबा पूर्वीसारखे व्हावेत. काकू म्हणाल्या, त्यांचे बोलणे मला नीट ऐकू यावे. मास्तर बराच वेळ थांबून म्हणाले, "रात्री कूस बदलायला हिला उठवावे लागू नये. आणि काज करता यावे."

तिघांनाही समोर बसवून सांगितले की मुलाची इच्छा पुरी होणार नाही, काकूंची तर उलटी पडू शकते. मास्तरांची मात्र पुरी होण्याची आशा आहे. रुग्णालयातील चाचणीतही गोळीने फरक स्पष्ट दिसला. बोलणे आणखी गेले तर, असे मी मास्तरांना मुद्दाम पुन्हा विचारले. "गिऱ्हाईक कापड दाखवील, साहेब. बोलायला ही आहे," ते म्हणाले. काकूंच्या डोळ्यांत पाणी आले, पण त्यांनी मान हलवली.

लग्नसराईची शिलाई उरकल्यावरची तारीख घेतली आहे. जमीन विकायला मास्तरांनी नकार दिला. दुकानाचा पुढचा गाळा ते देणार आहेत. काकूंनी वही मात्र चालूच ठेवली आहे. शस्त्रक्रियेनंतर ती लागणार आहे.