वासराची हगवण, लेकराची हगवण आणि जंतूचें कूळ

तिरोडा तालुक्यांतील चोरखमारा हें गांव घ्या. जवळच मोठा तलाव, पलीकडे नागझिऱ्याचें जंगल, आणि तलावाच्या पाण्यावर पिकणारें धान. अशा ठिकाणीं माणूस, गुरें आणि पाणी यांचा संबंध रोजचाच असतो. घरांत तान्हें मूल हगवणीनें हैराण झालें व गोठ्यांत वासरूंहि पातळ शेण टाकूं लागलें, तर वासराचा रोग मुलास लागला असें अनुमान सहज निघतें. हें अनुमान तपासण्याचें साधन आतां शास्त्रज्ञांच्या हातीं आलें आहे. त्याची ओळख शेतकरी बंधूंस करून द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हगवणीचीं कारणें अनेक असतात. त्यांपैकीं एक म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय जंतु. अमेरिकेंतील टिझर यांनीं १९०७ सालीं उंदरांतील या जंतूचें वर्णन केलें; माणसासहि तो बाधतो हें १९७६ सालीं उघड झालें. आतड्याच्या अस्तरांत वाढून तो विष्ठेवाटे आपले बीजकोश बाहेर टाकतो. हे कोश इतके बारीक, कीं एका मिलिमीटरांत सुमारें २०० ओळीनें बसतील. त्यांचें कवच चिवट असल्यामुळें पाण्यांत नेहमीच्या प्रमाणांत घातलेल्या क्लोरीननें ते मरत नाहींत. पाणी उकळल्यानें मात्र मरतात.

या जंतूच्या जाती पुष्कळ आहेत. ‘होमिनिस’ ही मुख्यतः माणसांत आढळते. ‘पार्वम’ माणसांत व कोवळ्या वासरांत, दोहोंतहि वाढते. ‘बोव्हिस’ गुरांत राहते व माणसास क्वचितच बाधते. परंतु सूक्ष्मदर्शकाखालीं या तिघींचे कोश जवळजवळ सारखेच दिसतात. दोन वाणांचें बीं हातांत सारखें दिसावें आणि लोंबी आल्यावरच भेद कळावा, तसाच हा प्रकार. म्हणून रोग्याच्या शौचाच्या नमुन्यांतून जंतूचा डीएनए वेगळा काढतात, त्यांतील ठराविक जनुकाच्या पीसीआर पद्धतीनें असंख्य प्रती करतात, आणि त्याची अक्षररचना वाचून जंतूचें कूळ ठरवितात.

या परीक्षेचें महत्त्व एका उदाहरणानें पटेल. १९९३ सालीं अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं नळाच्या पाण्यांतून हा जंतु पसरला व सुमारें ४ लाख लोक आजारी पडले. तेव्हां आसपासच्या गुरांवरहि संशय घेण्यांत आला होता. पुढें जपून ठेवलेल्या रोग्यांच्या नमुन्यांचें कूळ तपासतां तें मानवी जातीचें निघालें. म्हणजे बोट माणसाच्या मैल्याकडे वळलें. आपल्या देशांतहि वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनीं हगवणीच्या मुलांचे नमुने तपासले, तेव्हां ‘होमिनिस’ हीच जात अधिक आढळली.

यावरून वासरें निर्दोष ठरलीं, असें मात्र समजूं नये. पहिल्या कांहीं आठवड्यांतील आजारी वासरूं ‘पार्वम’चे अगणित कोश टाकतें. उलट, मुलांत ‘पार्वम’ सांपडली म्हणजे ती गोठ्यांतूनच आली असेंहि नाहीं. तिच्या कांहीं उपजाती माणसांतच फिरतात. सारांश, दोष कोणाचा हें नजरेनें ठरवूं गेल्यास श्रम व पैसा भलतीकडे खर्च होतो, आणि मूल पुन्हां आजारी पडतें.

ही परीक्षा मोठ्या प्रयोगशाळांत होते. प्रत्येक रोग्यास तिची गरज नाहीं. पण तिनें शिकविलेला धडा प्रत्येक घरीं आचरतां येईल. बांध दोन्हीकडे घालावा. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून दूर असावा, आणि गोठ्याचें वाहतें पाणी विहिरींत वा तलावांत जाऊं देऊं नये. हगवण लागलेलें वासरूं वेगळें बांधावें, त्याच्याशीं लहान मुलांस खेळूं देऊं नये, व त्याचें काम केल्यावर साबणानें हात धुवावेत. मुलांस उकळून निवविलेलें पाणी द्यावें. हगवण लागतांच मीठ-साखरेचें पाणी सुरू करून मुलास डॉक्टरांकडे न्यावें. कारण जंतूचें कूळ कोणतेंहि असो, तान्ह्या मुलाच्या अंगांतील पाणी आटण्यास वेळ लागत नाहीं.