संरक्षणाचा इशारा, विषाणूला आमंत्रण

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला औषधाच्या दुकानापासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे फुकट मिळतो. एचआयव्हीच्या बाबतीत मात्र तो तपासूनच घ्यायला हवा. हा विषाणू प्रतिकारयंत्रणेच्या सीडी-४ पेशीत शिरतो आणि आपली जनुकं तिच्या डीएनएत जोडून टाकतो. पण नवे विषाणू तयार व्हायचे तर ती जनुकं वाचली जावी लागतात, आणि हे वाचन सुरू करायला विषाणूला पेशीचीच यंत्रणा लागते. संसर्गाची चाहूल लागली की ‘एनएफ-कॅपा-बी’ हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात जातं, डीएनएवरच्या ठरावीक जागी बसतं आणि संरक्षणाची जनुकं सुरू करतं. नेमक्या तशाच जागा एचआयव्हीच्या जनुकांच्या तोंडाशीही आहेत. युरोप-अमेरिकेतल्या ‘बी’ उपप्रकारात त्या बहुधा दोन असतात, भारतात सर्रास आढळणाऱ्या ‘सी’ उपप्रकारात तीन. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या उदयकुमार रंगा यांच्या गटाने चार जागांचे विषाणूही भारतात शोधले. त्यांच्यात जनुकांचं वाचन अधिक जोमाने होतं, असं त्यांना दिसलं. पेशी बचावासाठी जो इशारा देते, त्यानेच विषाणूही जागा होतो.

मग शरीराची हत्यारं कुचकामी आहेत का? मुळीच नाही. विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनएची प्रत काढत असताना ‘अपोबेक-३जी’ हे प्रथिन तिच्यातलं ‘सी’ हे अक्षर बदलून ‘यू’ करतं. अशा पुष्कळ चुका झाल्या की ती प्रत निकामी होते. म्हणून तर एचआयव्ही ‘विफ’ हे प्रथिन बाळगतो. ते अपोबेकला पकडून पेशीच्याच मोडतोड-यंत्रणेच्या हवाली करतं. अपोबेकसारख्या प्रथिनांची जनुकं इंटरफेरॉन या संरक्षक प्रथिनाच्या इशाऱ्यावर जोर धरतात. तेव्हा इंटरफेरॉनच भरपूर द्यावं, हा युक्तिवाद रास्त वाटतो. २०१४ साली एचआयव्हीसारख्याच माकडांमधल्या विषाणूवर रीसस माकडांत केलेल्या प्रयोगात हेच करून पाहिलं. सुरुवातीच्या दिवसांत इंटरफेरॉनचा मार्ग अडवला तेव्हा माकडांचा आजार बळावला. उलट आधीपासून इंटरफेरॉन दिल्यावर संसर्ग काही काळ टळला. पण ते देतच राहिल्यावर पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या आणि सीडी-४ पेशी अधिक वेगाने घटल्या. आफ्रिकेतल्या सूटी मँगाबी माकडांच्या रक्तात एचआयव्हीसारख्याच विषाणूचं प्रमाण भरपूर असतं, तरी त्यांना सहसा एड्स होत नाही. त्यांच्यातही सुरुवातीला इंटरफेरॉन उसळतं, पण काही आठवड्यांत शांत होतं.

म्हणून प्रतिकारशक्ती दाबून टाकावी, असाही अर्थ नाही. तसं केलं तर इतर जंतूंना रान मोकळं मिळेल. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीविरोधी उपचाराच्या, गोळ्या विषाणूचा प्रसार रोखतात, पण डीएनएत निपचित पडलेल्या प्रती त्यांना काढता येत नाहीत. गोळ्या थांबवल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत विषाणू परततो. त्या प्रती जाग्या करून संपवायच्या की कायमच्या गाढ झोपवायच्या, हे दोन्ही मार्ग संशोधक तपासत आहेत. दोन्हीकडे कोडं एकच: कोणतं जनुक, कुठल्या पेशीत, किती काळ चालू ठेवायचं. त्याचं उत्तर ‘शक्तिवर्धक’ काढ्याच्या बाटलीत नाही, आणि तिच्या भरवशावर रोजची गोळी चुकवणं तर कुणालाच परवडणारं नाही.