चैत्यभूमीला निघताना
६ डिसेंबरला दादरला येताना पिशवीत भाकरी-चटणी असते, बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र घरीच राहतात. शिवाजी पार्कच्या आरोग्य स्टॉलवर आम्ही दरवर्षी हेच बघतो. शुगरची गोळी घेऊन उपाशी रांगेत उभे राहू नका. घाम फुटला, हातपाय थरथरले तर खाली बसा, लगेच साखर किंवा गूळ खा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

आणि आयाबहिणींनो, संडासाच्या रांगेला भिऊन तुम्ही दिवसभर पाणीच पीत नाही, मग लघवीची जळजळ घेऊन गावी जाता. मैदानात फिरती शौचालये असतात. लाजू नका, स्वयंसेवकांना विचारा. लेकरांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी घाला.