‘अंगावरून वारं गेलं’ की न्यूरोलॉजिस्ट सगळ्यात आधी वेळ का विचारतात?

सकाळी आजोबा चहाचा कप उचलायला जातात आणि कप हातातून निसटतो. तोंड एका बाजूला वाकडं, जीभ जड. घरात कुणीतरी म्हणतं, "अंगावरून वारं गेलं." कुणी तेल चोळतं, कुणी म्हणतं जरा पडू दे, बरं वाटेल.

दोन तासांनी हॉस्पिटलमध्ये न्यूरोलॉजिस्ट विचारतात, "शेवटचे ठणठणीत कधी दिसले होते?"

आपण टेन्शनमध्ये असताना डॉक्टर घड्याळाचं काय घेऊन बसलेत, असं वाटतं. पण पुढची सगळी ट्रीटमेंट या उत्तरावर ठरते.

ज्याला आपण लकवा म्हणतो, तो बहुतेक वेळा ब्रेन स्ट्रोक असतो. त्यात एकतर मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा रक्तवाहिनी फुटते. गुठळीचं प्रमाण जास्त. बाहेरून दोन्ही पेशंट सारखेच दिसतात, उपचार मात्र उलटे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रक्तस्राव झालेल्या पेशंटला दिलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून आधी सीटी स्कॅन.

हे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आणि घड्याळ सुरू होतं ते पेशंट शेवटचा नीट दिसला तेव्हापासून. आजोबा रात्री 10 ला नीट झोपले आणि सकाळी 6 ला हात उचलेना, तर हिशोब रात्री 10 पासूनचा. अशा काही पेशंटना खास स्कॅन करून उपचार देता येतात. मोठी रक्तवाहिनी बंद असेल, तर निवडक पेशंटमध्ये 24 तासांपर्यंत बारीक नळी घालून गुठळी ओढून काढतात. पण उशीर परवडत नाहीच. अमेरिकन न्यूरोलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी 2006 मध्ये हिशोब मांडला होता: मोठ्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला सुमारे 19 लाख मेंदूपेशी मरतात.

आता डॉक्टरांच्या खुर्चीत बसून बघा. 1995 मध्ये ज्या मोठ्या अमेरिकन चाचणीने हे इंजेक्शन उपयोगी ठरवलं, त्याच चाचणीत ते घेतलेल्या 100 पैकी साधारण 6 जणांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला. तरीही तीन महिन्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहिलेले लोक इंजेक्शन घेतलेल्यांमध्येच जास्त होते. हे सगळं रडणाऱ्या घरच्यांना काही मिनिटांत समजवायचं आणि संमती घ्यायची. सोबत शुगर तपासायची, कारण शुगर घसरली तरी लकव्यासारखीच लक्षणं दिसतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हल्ली ऑपरेशन झालंय का, हेही विचारायचं.

मेंदूचा डॉक्टर म्हणजे ऑपरेशन, हा गैरसमज. ऑपरेशन न्यूरोसर्जन करतात. न्यूरोलॉजिस्ट एमबीबीएस, मग एमडी, मग डीएम असं शिकून आलेला फिजिशियन असतो. फिट, मायग्रेन, पार्किन्सन, सगळे पेशंट त्याच्याकडेच. त्याची हत्यारं साधी. तळपायावर ओरखडा काढला आणि मोठ्या माणसाचा अंगठा वर वळला, तर मेंदूत किंवा मणक्यातल्या मज्जारज्जूत बिघाड आहे, हे बाबिन्स्की यांनी पॅरिसमध्ये 1896 मध्ये दाखवलं. ती टेस्ट आजही रोज होते. (तान्ह्या बाळाचा अंगठा वर जातोच, घाबरू नका.)

स्ट्रोकचा पेशंट वाचला तरी काम संपत नाही. गुठळी आली कुठून? हृदयाचे ठोके अनियमित आहेत का, मानेतली रक्तवाहिनी अरुंद झालीय का, बीपीची गोळी मध्येच सोडली होती का? दुसरा झटका टाळायचा तर हे शोधावंच लागतं.

तुमच्या घरात असं झालं तर लगेच 108 लावा, वेळ लिहून ठेवा, चालू गोळ्यांचा फोटो काढा. पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. स्वतःच्या मनाने ॲस्पिरिनही देऊ नका. आणि निघतानाच हॉस्पिटलला फोन करून विचारा, "सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का?" उत्तर ‘नाही’ आलं, तर गाडी दुसरीकडे वळवा.