समतोलाचे माप : पाणी

या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडताना मला प्रथम आठवले ते शाळेच्या वाटेवरील भाताचे शिवार. पर्यावरण आणि उद्योग यांचा समतोल राखावा, असे आपण वारंवार ऐकतो. परंतु तो मोजावयाचा कशाने, हे क्वचितच सांगितले जाते. निपाणी ते बेळगाव या पट्ट्यापुरते माझे उत्तर असे, की तो पाण्याने मोजावा.

निपाणीच्या काळ्या जमिनीत विडीची तंबाखू पिके, ती पावसाळ्यानंतर मातीत उरलेल्या ओलीवर. या पिकाने वखारी उभ्या केल्या, हजारो स्त्रियांना रोजगार दिला आणि त्यांच्या छातीत धूळही भरली. रास्त भावासाठी १९८१ साली झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन शेतकऱ्यांचे प्राण गेले. पुढे बऱ्याच शेतांत तंबाखूची जागा उसाने घेतली. आरोग्याच्या दृष्टीने हा बदल स्वागतार्ह होय. पण ऊस बारा ते अठरा महिने उभा राहतो आणि सतत पाणी मागतो. काळ्या जमिनीतून निचरा मंद होतो. अतिरिक्त पाणी साचते, क्षार वर येतात आणि जमीन चोपण होते.

बेळगावात प्रश्न निराळा आहे. शहापूर, वडगाव, येळ्ळूर येथील सुवासिक भात नावाजलेला. शिवार सखल, म्हणूनच तेथे पाणी ठरे आणि भात पिके. आज त्याच सखल भागात बळ्ळारी नाल्यातून शहराचे सांडपाणी येते व पावसाळ्यात पात्र सोडून उभ्या पिकात शिरते. वरच्या बाजूस छपरे आणि रस्ते वाढले, तसे मुरणारे पाणी वाहू लागले.

यात मी निर्दोष नाही. आमची दीड एकर भातजमीन बिनशेती करून मीच विकली. मुलीच्या शिक्षणासाठी पैसा हवा होता. तेथील घरांचे सांडपाणी आता खालच्या शेजाऱ्याच्या वाफ्यात उतरते. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. म्हणूनच हा विषय मला टाळता आला नाही.

उद्योग नकोत, असे मी म्हणणार नाही. उद्यमबागेतील फौंड्र्यांवर कितीतरी घरांच्या चुली पेटल्या आहेत. अपेक्षा एवढीच, की कारखान्यासाठी वा वसाहतीसाठी आधी मुरमाड जमीन पाहावी, सखल भातजमीन सर्वांत शेवटी. सांडपाणी जेथे निर्माण होते तेथेच शुद्ध करावे. ओतकामाची वापरलेली वाळू ओढ्याकाठी न टाकता पुन्हा उपयोगात आणावी. उसाला ठिबक सिंचन द्यावे आणि शेतात निचऱ्याचे चर काढावेत. नदीला पसरण्यास जागा ठेवावी; २०१९ आणि २०२१ साली वेदगंगेच्या पुराने यमगर्णीजवळ महामार्ग बंद पाडला, हे विसरू नये.

सीमेविषयी आपली मते काहीही असोत, वेदगंगा आणि दूधगंगा ती ओलांडूनच वाहतात. दूधगंगेवरील काळम्मावाडी धरण तर दोन्ही राज्यांचा संयुक्त प्रकल्प आहे.

या शाळेचे कित्येक माजी विद्यार्थी आज शेती, कारखाने आणि नगररचना यांत निर्णय घेतात. त्यांना माझी विनंती आहे, की कागदावर सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : येथून निघालेले पाणी उद्या कोणाच्या शेतात जाईल?