मोलगीच्या पोराला परदेश झेपेल का?

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्यात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘ते इंग्लिश मीडियमवाल्यांचं काम,’ हे एक. आणि ‘गेलं की पोर हातचं गेलं,’ हे दुसरं. दोन्ही अर्धवट माहितीवर उभी आहेत.

आधी एक घोळ मिटवू. एक्स्चेंजवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीत, जाणारा विद्यार्थी तिथली पदवी घ्यायला जात नाही. त्याचं नाव इथल्याच कॉलेजच्या पटावर राहतं. तो एक सत्र किंवा वर्षभर तिथे शिकतो आणि तिथले क्रेडिट इथे जमा होतात. दोन संस्थांचा करार असेल तर तिथली फी बहुधा माफ असते. विमान, विमा, राहणं-खाणं मात्र वेगळं. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची परदेशी शिष्यवृत्ती, वर्षाला 20 जागांची, ही पदव्युत्तर आणि पुढच्या शिक्षणासाठी आहे. ते एक्स्चेंज नव्हे. शाळकरी मुलांसाठी अमेरिकी सरकारने 2002 मध्ये केनेडी-लुगर योजना सुरू केली. तिच्यातून भारतातली मुलंही गेली आहेत. तिथे मुलं स्थानिक कुटुंबात राहतात आणि त्या कुटुंबाला त्याचा मोबदला मिळत नाही. म्हणून पाहुण्यासारखं बसून चालत नाही. ताट आपलं आपण विसळायचं.

आता इंग्रजी. सातपुड्यातलं मूल घरी भिली नाहीतर पावरी बोलतं, शाळेत मराठीशी झगडतं, बाजारात हिंदी-गुजराती उचलतं. आश्रमशाळेच्या वसतिगृहात तर ते सहा-सात वर्षांचं असतानाच घर सोडतं. परक्या भाषेत शिकणं आणि परक्यांत झोपणं या दोन्ही गोष्टी त्याने पुण्या-मुंबईच्या मुलाच्या कितीतरी आधी केलेल्या असतात. अडतं ते दुसरीकडेच. आपल्याकडे गप्प बसणारं पोर गुणी ठरतं. तिथे वर्गात गप्प बसलात तर वाचून आला नाहीत असा अर्थ निघतो. प्राध्यापक भेटीची वेळ जाहीर करतात ती खरोखर भेटण्यासाठी. आणि पुस्तकातला उतारा जसाच्या तसा, मूळ लेखकाचं नाव न देता उतरवला, तर इथे कदाचित गुण मिळतील, तिथे वाङ्मयचौर्याची चौकशी लागते. ही सवय जायच्या आधीच मोडलेली बरी.

‘पहिले महिने मजेत जातात, मग घरची आठवण येते’ हेही सर्रास सांगतात. त्याचं मूळ 1950 च्या दशकात आहे. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने सांस्कृतिक धक्क्याचे टप्पे मांडले, त्यातला पहिला मधुचंद्राचा. 1955 मध्ये लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांवरून रुळण्याच्या प्रवासाची इंग्रजी ‘यू’च्या आकाराची रेघ काढली. पुढे परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांच्या एकाच गटाला वर्षभर पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून अभ्यास झाले, तेव्हा अनेकांना सगळ्यात जड गेलं ते अगदी सुरुवातीलाच, असं दिसलं. तेव्हा पहिल्या आठवड्यात रडू आलं तर पोर कच्चं आहे असं समजू नये. बँक खातं, सिमकार्ड, खोली आणि जेवण मार्गी लागलं की बरंचसं हलकं होतं.

घरी फोन कधी, हेही आधी ठरवावं. रेंज पाड्यावर नसते, मोलगीच्या बाजारात असते. बाजाराच्या दिवशी दुपारी दोनला आई रेंजमध्ये आली, तर हिवाळ्यात जर्मनीत सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात आणि न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे साडेतीन.

‘हातचं गेलं’ याबद्दल एवढंच, की एक्स्चेंजचा व्हिसाच मुदतीचा असतो. सरकारी पैशावर अमेरिकेला गेलेल्यांना तर बहुधा दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय तिथे स्थायिक होण्याचा व्हिसा मिळत नाही.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज वेगळाच आहे: वैद्यकीय तपासणी म्हणजे व्हिसाचा एक कागद. नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः भिल्ल-पावरा समाजात, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं प्रमाण मोठं आहे. नुसत्या वाहकाला सहसा त्रास होत नाही. आजार असलेल्याला मात्र कडाक्याची थंडी, कमी पाणी, जंतुसंसर्ग यांतून असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. लांबचा विमानप्रवास आणि पहिला हिवाळा, नेमकं हेच तिथे वाट्याला येतं. वैद्यकशास्त्राने नोंदवलेला सिकलसेलचा पहिला रुग्ण परदेशात शिकायला आलेला विद्यार्थीच होता! वॉल्टर नोएल 1904 मध्ये कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाहून शिकागोला दंतवैद्यक शिकायला आला आणि त्याच हिवाळ्यात दवाखान्यात दाखल झाला. डॉ. हेरिक यांनी त्याच्या रक्तातल्या विळ्याच्या आकाराच्या पेशींचं वर्णन 1910 मध्ये छापलं. नोएल शिक्षण पुरं करून मायदेशी परतला आणि तिथे दंतवैद्य म्हणून काम करू लागला.

सिकलसेल असला म्हणजे जाणं रद्द, असं मुळीच नाही. सॉल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तर तेवढ्यावर थांबू नये. आजार की वाहक, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीत कळतं. तो अहवाल इंग्रजीत, औषधांची मूळ नावं लिहिलेली चिठ्ठी आणि काही आठवड्यांचा साठा हातातल्या बॅगेत ठेवावा, चेक-इनच्या नव्हे. विमा घेताना आधीपासूनच्या आजाराचा खर्च धरला आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारावं, कारण बऱ्याच स्वस्त पॉलिसींत तो वगळलेला असतो.