पापाची थकबाकी

येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना दोन शुभवर्तमानांत आहे आणि एका ओळीत दोन्हींचा मेळ बसत नाही. मत्तयाच्या ग्रीक मजकुरात देवाकडे मागणे आहे ते कर्ज सोडण्याचे, लूकच्या मजकुरात पापांच्या क्षमेचे. मराठी बायबलातही एकीकडे ‘ऋण’ आहे, दुसरीकडे ‘पाप’. यात कोणाचे चुकले असे मानायचे कारण नाही. येशूच्या बोलीत, म्हणजे अरामीत, ‘होबा’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होते: देणे आणि अपराध. मत्तयाने पहिला अर्थ धरला, लूकने दुसरा. तरी लूकच्याही ओळीच्या उत्तरार्धात ‘आमचे देणे लागणारा’ राहिलाच आहे. मूळ शब्दाचा माग तिथे सापडतो.

जुन्या हिब्रू शास्त्रात पाप हे प्रामुख्याने ओझे असते. लेवीय ग्रंथाच्या 16व्या अध्यायात लोकांची पापे बोकडावर लादून त्याला रानात सोडतात. याच ग्रंथाच्या ओंकेलोसच्या अरामी भाषांतरात मात्र पाप ‘वाहणारा’ माणूस होबा ‘पत्करतो’. ओझे दुसऱ्याच्या पाठीवर देता येते; देणे फेडावे लागते, नाहीतर धनकोने सोडावे लागते. इ.स.पू. 5व्या शतकात अरामी ही इराणी साम्राज्याच्या कारभाराची भाषा होती आणि इजिप्तमधल्या एलेफंटाइन बेटावर तिच्यात लिहिलेले कर्जरोखे सापडले आहेत. अशा व्यवहारी भाषेत अपराधालाही ‘बाकी’ म्हणणे अवघड गेले नसावे.

मत्तयाला खरोखरची सावकारी कर्जेच अभिप्रेत असतील, असा आक्षेप घेता येतो. पण प्रार्थना संपताच तो ‘अपराध’ असा शब्द वापरून तीच गोष्ट उलगडतो. पुढे 18व्या अध्यायात भावाला किती वेळा क्षमा करावी, या प्रश्नाला येशू उत्तर देतो ते दहा हजार तालांत बुडवणाऱ्या आणि शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरणाऱ्या नोकराच्या गोष्टीने. दुसरा आक्षेप असा, की ही कल्पना एकट्या अरामीची नाही. हे खरेच आहे. जर्मन ‘शुल्ड’ म्हणजे दोषही आणि कर्जही. मराठीतही पापाचे ओझे होते, घडा भरतो, आणि शेवटी ते इथेच ‘फेडावे’ लागते. म्हणून अरामीने पापाला कर्ज ठरवले, असा दावा इथे नाही. दावा एवढाच, की दोन शुभवर्तमानांतली तफावत ‘होबा’ने सुटते. ‘ऋण’ आणि ‘पाप’ हे दोन पाठ नाहीत, एकाच शब्दाचे दोन अनुवाद आहेत.